सॉल्टेअरची दगडी घरे

राजवाड्यांचा इतिहास राजे लिहवून घेतात. कामगारांच्या घरांचा इतिहास बहुधा भिंतींवरूनच वाचावा लागतो. आम्ही कामगारांत वावरलेली माणसे, म्हणून इंग्लंडातील सॉल्टेअर गाव आम्हांस विचार करावयास लावते.

यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. १८४९ साली तेथे पटकीने शेकडो माणसे दगावली. त्या सुमारास शहराचा मेयर होता टायटस सॉल्ट हा गिरणीमालक. त्याने शहराबाहेर एअर नदीच्या काठी, कालवा व लोहमार्ग यांची सोय पाहून नवी गिरणी बांधली. १८५३ साली, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, तिचे उद्घाटन झाले. पुढील पंधरा-सोळा वर्षांत शेजारी आठशेंवर घरे उठली.

लॉकवुड आणि मॉसन या वास्तुशिल्पज्ञांनी ती भिंतीस भिंत लावून सरळ ओळींत रचली. बाहेरून वाळूचा घडीव दगड, वर पाटीच्या दगडाचे छप्पर. साध्या कामगाराच्या घरातही बैठकीची खोली, मागे मोरीची खोली, तळघर, वर निजण्याच्या खोल्या, परसू आणि स्वतःचा संडास! पाणी आणि गॅसही होता. मुंबईच्या चाळीतील एका खोलीत संसार पाहिलेल्यांस याचे मोल सांगावयास नको.

परंतु ओळ जरा निरखून पाहावी. मधली घरे दुमजली, तर टोकांची कित्येक तिमजली. मुकादमांच्या घरांना खोल्या अधिक, पुढे चिमुकली बाग. म्हणजे गिरणीतील हुद्दा रस्त्यावरून जाणाऱ्यासही दिसावा! रस्त्यांना नावे मालकाच्या पत्नीची आणि मुलांची. गावात तेव्हा दारूचा गुत्ता नव्हता. धुण्यासाठी सार्वजनिक धुलाईघर बांधले होते. काम देणारा, घर देणारा आणि वागणुकीचे नियम घालणारा, तिघे एकच.

सॉल्टची माया खोटी होती, असे आमचे म्हणणे नाही. रोगराईतून त्याने माणसे बाहेर काढली, हे त्याचे श्रेय कोणी हिरावू नये. पण ज्याच्या हाती भाकरी त्याच्याच हाती छप्पर असले, की मालकापुढे मान वर करताना कामगारास बायकापोरांचा विचार आधी करावा लागतो. हेही त्याच भिंतींत चिणलेले आहे.

गिरणी १९८६ साली बंद पडली. घरांना कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि २००१ साली गाव जागतिक वारसा ठरले. दगड जपले, हे योग्यच झाले. त्यांच्याकडे पाहून आम्ही एवढेच म्हणू : कामगारास असेच घर हवे, पण ते हक्काचे हवे.