मोझरचा एक तास: श्रेय द्यायचं कुणाला?

प्रबंधात 'अमुकमुळे तमुक झालं' असं वाक्य लिहायच्या तयारीत असाल, तर आधी सायकलिंगमधली ही गोष्ट वाचा.

'अवर रेकॉर्ड' म्हणजे ट्रॅकवर एकट्याने तासभर सायकल चालवायची आणि अंतर मोजायचं. १९७२ मध्ये एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत ४९.४३१ किमी अंतर कापलं. जानेवारी १९८४ मध्ये त्याच शहरात इटलीच्या फ्रान्चेस्को मोझरने चार दिवसांत दोनदा विक्रम केला: आधी ५०.८०८, मग ५१.१५१ किमी. वय ३२, म्हणजे सायकलपटूच्या हिशेबाने उताराला लागलेलं.

हे जमलं कसं? तेव्हाचं उत्तर होतं, विज्ञान. मोझरच्या मागे फेरारा विद्यापीठाचे फ्रान्चेस्को कोनकोनी होते. त्यांची चाचणी १९८२ मध्ये, धावपटूंवरच्या अभ्यासातून, प्रसिद्ध झाली होती. वेग टप्प्याटप्प्याने वाढवायचा आणि हृदयाचे ठोके मोजायचे. ठोके वेगाबरोबर सरळ रेषेत वाढतात, पण एका बिंदूपाशी ती रेषा वाकते. त्यापुढे शरीरात लॅक्टेट साचू लागतं, असा दावा. रक्ताचा नमुना न घेता प्रशिक्षकाच्या हातात एक आकडा आला! 'आज जोर लाव'ऐवजी 'आज इतक्या ठोक्यांवर चालव' असं सांगता येऊ लागलं. बदल मोठाच होता. (पुढे इतर संशोधकांना ते वाकणं सगळ्यांमध्ये दिसलं नाही, आणि दिसलं तरी ते लॅक्टेटच्या मोजणीशी दरवेळी जुळलं नाही.)

आता मोझरची सायकल बघा. मर्क्सची चाकं आऱ्यांची होती, मोझरची भरीव, तबकडीसारखी. हवेचा विरोध इथेच कमी झाला. शिवाय १९९९ मध्ये मोझरने सांगितलं की त्या वेळी त्याने रक्त चढवून घेतलं होतं. तेव्हा नियमाने त्याला बंदी नव्हती, पण १९८४ च्या कौतुकात ते नव्हतं. म्हणजे मर्क्सपेक्षा १.७२० किमी जास्त, आणि कारणं किमान तीन: सराव, चाक, रक्त. तिन्ही एकाच वेळी बदललेली. कुणाचा वाटा किती, हे त्या एका तासावरून काढताच येत नाही. मोझर स्वतः १९९४ मध्ये, ४२ व्या वर्षी, पुन्हा मेक्सिको सिटीत आला आणि ५१.८४० किमी गेला. या वेळी बसण्याची पद्धतही बदललेली.

कारणं सुटी करायची तर तुलना लागते, आणि ती योगायोगाने मिळाली. इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने १९९६ मध्ये मँचेस्टरला हात पुढे ताणलेल्या 'सुपरमॅन' बैठकीत ५६.३७५ किमी केले. २००० मध्ये जागतिक संघटनेने मर्क्सच्या धर्तीची साधी सायकल सक्तीची केली. त्याच ट्रॅकवर तोच बोर्डमन ४९.४४१ किमी गेला, मर्क्सपेक्षा फक्त १० मीटर जास्त.

६.९३४ किमीचा फरक. सगळा सायकलीच्या आणि बैठकीच्या नावावर टाकायचा मोह होतो ना? पण मधल्या चार वर्षांत बोर्डमनचं वय वाढलं होतं आणि हाडांच्या आजाराने त्याची कारकीर्द संपत आली होती.