घोडेगांवची पेठ आणि विक्रीचें शिक्षण

अहिल्यानगराहून छत्रपति संभाजीनगराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नेवासें तालुक्यांत घोडेगांव लागतें. शनिशिंगणापुरास जाणारे यात्रेकरू येथूनच वळतात, त्यामुळें पुष्कळांना ह्या गांवाची ओळख केवळ एक फांटा म्हणून असते. परंतु नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना तें निराळ्या कारणानें ठाऊक आहे. घोडेश्वरी देवीच्या ह्या गांवीं जनावरांचा मोठा बाजार भरतो, आणि नेवासें कृषि उत्पन्न बाजार समितीच्या उपबाजारांत कांद्याच्या गोण्यांच्या थप्प्या लागतात. तेथें लिलाव पुकारला जातो, बोली चढते किंवा अडते, आणि चार-पांच महिन्यांच्या श्रमाचें मोल कांहीं क्षणांत ठरून जातें. त्या वेळीं मालाचा धनी तेथेंच उभा राहूं शकतो, बोली त्याच्या कानांवर पडते आणि हिशेबपट्टी त्याच्या हातीं येते. ही गोष्ट आज इतकी साधी वाटते कीं, तिच्यामागें कांहीं इतिहास असेल अशी शंकाहि कोणास येऊं नये. वास्तविक एवढी साधी गोष्ट घडून येण्यास जवळ जवळ शंभर वर्षें लागलीं.

शेतकऱ्याच्या शिक्षणाचे दोन भाग आहेत : पहिला पीक काढण्याचा आणि दुसरा तें विकण्याचा. पहिला भाग त्याला बापजाद्यांकडून मिळत आला, आणि पुढें सरकारनें व सुधारकांनींहि त्यांत भर घातली. दुसरा भाग मात्र त्याला फार दिवस कोणी शिकविला नाहीं. कारण ज्यांना तो येत होता, त्यांचा लाभ तो इतरांना न येण्यांतच होता. घोडेगांवसारख्या पेठेचा इतिहास पाहावयाचा तो ह्या दुसऱ्या शिक्षणाचा इतिहास म्हणून पाहिला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दख्खनच्या पुष्कळशा शेतकऱ्यांना बाजार असा नव्हताच, असें म्हटलें तरी चालेल. पेरणीस बीं सावकाराचें, सारा भरण्यास रोकड सावकाराची. मग रास खळ्यावर पडली कीं, तीहि सावकाराच्याच मापानें मोजली जाई आणि त्याच्याच वहींत जमा होई. भाव किती लागला हें विचारण्याची सोय नव्हती, आणि विचारलें तरी वही वाचतां येत नव्हती. ह्या स्थितीचा स्फोट १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं झाला. दंगा लौकरच नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांनीं हट्टानें मागितले ते कर्जरोखे, आणि जाळलें तें त्यांनाच. पुढें चौकशी होऊन १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं स्वतंत्र कायदा झाला, व रोख्यामागील मूळ व्यवहार तपासून पाहण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. हा लाभ लहान नव्हता. परंतु मालाचा भाव ज्या रीतीनें ठरत होता, त्या रीतीला ह्या कायद्यानें हात लागला नाहीं.

ह्याच सुमारास जोतीराव फुले यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ १८८३ सालीं पुरा केला. शेतकऱ्यांच्या मुलांना विद्या मिळावी, शेतीचीं प्रदर्शनें भरावींत, औत हाकण्याच्या परीक्षा घेऊन उत्तम शेतकऱ्यांस बक्षिसें द्यावींत, अशा सूचना त्यांनीं त्यांत केल्या. पुढील काळांत पुण्यास शेतकी महाविद्यालय उभें राहिलें, शेतकी खात्याचीं प्रात्यक्षिकें होऊं लागलीं, आणि १९१० सालीं वसलेल्या किर्लोस्करवाडींतून लोखंडी नांगर खेड्यापाड्यांत जाऊं लागला. लोखंडानें जमीन नासते, अशी समजूत त्या वेळीं होती असें सांगतात. ती दूर होण्यास शंभर व्याख्यानांपेक्षां शेजारच्या शेतांत चाललेला एक नांगर अधिक उपयोगी पडला असावा. अशा रीतीनें पहिल्या शिक्षणाची वाट मोकळी होत गेली. परंतु अधिक पिकविलेला माल जर जुन्याच मापानें मोजला जाणार असेल, तर त्या अधिक पिकाचा लाभ कोणाच्या पदरांत पडावयाचा, हा प्रश्न तसाच राहिला.

घोडेगांवच्या परिसरांत हा प्रश्न अधिकच बिकट होता. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ सालीं सुरू झाली. ती नगर, वांबोरी, राहुरी ह्या वाटेनें गेली आणि नेवासें तालुका बाजूस राहिला. रेल्वे गांठावयाची तर बैलगाडीखेरीज साधन नव्हतें. उत्तरेस टोंक्यापाशीं गोदावरी ओलांडली कीं निजामाचें राज्य लागे, व तेथें हाली शिक्क्याचा रुपया चाले. ही सरहद्द १९४८ पर्यंत कायम होती. अशा मुलखांत जवळच्या पेठेंत काय भाव आहे हें कळण्यास सांगोवांगीच्या वार्तेशिवाय मार्ग नव्हता. शेर आणि पायली हीं मापें तर गांवोगांव बदलत. ज्याच्या हातीं माप त्याच्या हातीं भाव, अशी ती स्थिति होती.

पेठेंत माल नेला तरी अडचण संपत नसे. अनेक बाजारांत अडत्या व खरेदीदार रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून भाव ठरवीत. जनावरांच्या बाजारांत तर ही चाल पुढेंहि पुष्कळ काळ टिकली. ज्याचा बैल विकला जात आहे तो शेजारीं उभा, पण रुमालाखालीं काय ठरलें तें त्याला कळूं नये, ह्यांत त्या काळीं कोणाला नवल वाटत नसे. भाव ठरल्यावर कपातींची पाळी येई. अडत, हमाली, तोलाई, कडता, नमुना, धर्मादाय अशा एकामागून एक रकमा वजा होत. ह्यांपैकीं कांहीं रकमा रास्त कामाचा मोबदला म्हणून घेतल्या जात. परंतु कोणती रास्त व कोणती गैरवाजवी, हें ठरविणारा तिऱ्हाईत तेथें नव्हता. धर्मादाय कोणाच्या नांवें खर्च होतो हेंहि देणाऱ्याला ठाऊक नसे.

तिऱ्हाईत आणण्याचा पहिला यत्न वऱ्हाडांत झाला. कारंजें येथील कापसाचा बाजार १८८६ सालीं नियमांखालीं आला, आणि १८९७ सालीं वऱ्हाडांतील कापूस व धान्य ह्यांच्या बाजारांसाठीं कायदा झाला. विलायतेच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता, म्हणून कापसाची काळजी आधीं घेतली गेली, हेंहि येथें लक्षांत ठेवावयास हवें. इकडे कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरी वसवून गुळाच्या व्यापारास हक्काची पेठ दिली. मुंबई इलाख्यांत १९२७ सालीं कापसाच्या बाजारांचा कायदा आला. त्यानंतर लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी कमिशननें १९२८ च्या अहवालांत वजनें, मापें आणि कपाती ह्यांतील गैरप्रकार मांडून नियंत्रित बाजारांची शिफारस केली. त्या शिफारशीस अनुसरून सर्व प्रकारच्या शेतमालासाठीं मुंबईचा कायदा झाला तो १९३९ सालीं. कारंजापासून येथवर त्रेपन्न वर्षें गेलीं. पुढें १९५६ च्या कायद्यानें देशभर दशमान वजनें येऊं लागलीं, आणि पायलीचा घोळ हळूहळू मिटला. १९६३ सालीं महाराष्ट्रानें आपला स्वतंत्र बाजार कायदा केला. उघड लिलाव, परवानाधारक व्यापारी व तोलणारे, आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधि बहुसंख्य असलेली समिति, हे त्याचे मुख्य आधार होत.

कायदा झाला म्हणजे शिक्षण झालें असें मात्र होत नाहीं. ह्या बाबतींत १९५६ सालच्या एका प्रयोगाची आठवण ठेवण्याजोगी आहे. युनेस्कोच्या साहाय्यानें आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें तत्कालीन मुंबई राज्यांतील पांच मराठी जिल्ह्यांत ग्रामीण श्रोतृमंडळें स्थापन केलीं. पुणें, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर ह्यांच्या जोडीला नगर जिल्हाहि त्यांत होता. सुमारे दीडशें गांवें निवडलीं गेलीं. आठवड्यांतून दोन, असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. गांवकऱ्यांनीं एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी, जमेल तें करून पाहावें आणि राहिलेल्या शंका केंद्राकडे कळवाव्यात, अशी योजना होती. शंकांचीं उत्तरें पुढील कार्यक्रमांतून दिलीं जात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें ह्या प्रयोगाची पाहणी केली, तेव्हां मंडळ असलेल्या गांवांतील लोकांच्या माहितींत मंडळ नसलेल्या गांवांपेक्षां स्पष्ट अधिक भर पडलेली दिसली. नुसता रेडिओ असलेलीं गांवेंहि पाहणींत होतीं. त्यांना तेवढा लाभ झाला नव्हता. ऐकलेली गोष्ट चारचौघांत बोलली गेली म्हणजेच ती आपली होते, हा त्या प्रयोगाचा निष्कर्ष होता.

ह्यानंतर नगर जिल्ह्याच्या शेतीचें रूपच पालटलें. प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालींच पुरें झालें होतें. पुढें मुळा नदीवर धरण होऊन त्याच्या उजव्या कालव्याचें पाणी नेवासें तालुक्यांत आलें. राहुरीस १९६८ सालीं कृषि विद्यापीठ उभें राहिलें, व आज तें महात्मा फुले यांच्याच नांवानें चालतें. 'असुडा'च्या कर्त्याचें नांव त्याच जिल्ह्यांतील विद्यापीठास मिळावें, हा योग समर्पक आहे. तेथील शिवारफेऱ्या, मेळावे आणि कांद्याचे 'बसवंत ७८०', 'एन-२-४-१', 'फुले समर्थ' ह्यांसारखे वाण ह्यांनीं पहिल्या शिक्षणाची बाजू भरभक्कम केली. पाणी आलें, वाण आलें, आणि घोडेगांवच्या आवारांत गोण्या वाढल्या. लाल कांदा टिकत नाहीं, तो निघतांच विकावा लागतो. उन्हाळ्यांत निघणारा गावरान कांदा चाळींत राहतो. तेव्हां कोणता कांदा केव्हां बाजारांत न्यावा, एक नंबर, दोन नंबर आणि गोल्टी अशी निवड घरींच करावी कीं नाहीं, हे प्रश्न आतां भावाशीं जोडले गेले. येथें पहिलें व दुसरें शिक्षण प्रथमच एकत्र आलें.

दुसऱ्या शिक्षणाला मोठी चालना मिळाली ती मात्र कांद्यामुळेंच, पण चाकणला. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालीं तेथील शेतकऱ्यांनीं १९८० सालीं पुणें-नाशिक रस्ता अडविला. त्या चळवळींतील आंदोलनें सर्वांच्या लक्षांत राहिलीं. परंतु त्यांच्या बरोबरीनें भरलेलीं प्रशिक्षण शिबिरें तितकीच महत्त्वाचीं होतीं. उत्पादनखर्च कसा काढावा, घरच्या माणसांची मजुरी व बैलांचा खर्च त्यांत कसा धरावा, हें साध्या भाषेंत तेथें सांगितलें गेलें. बाजारांत मिळालेला भाव चांगला कीं वाईट हें ठरविण्यास आधीं स्वतःचा खर्च ठाऊक हवा, हा धडा महाराष्ट्राच्या शेतकऱ्यानें तेथें गिरविला.

विक्रीच्या साधनांतहि पुढें भर पडली. १९८४ सालीं स्थापन झालेल्या राज्य कृषि पणन मंडळानें १९९० च्या सुमारास शेतमाल तारण योजना सुरू केली. तूर, सोयाबीन, हरभरा असा माल समितीच्या गोदामांत ठेवून त्याच्या किंमतीच्या शेंकडा ७५ पर्यंत कर्ज मिळूं लागलें. हंगामांत पडत्या भावानें माल विकणें ज्याला भाग पडत होतें, त्याला थांबण्याची सवड ह्यानें मिळाली. कांदा नाशवंत असल्यानें त्याला हा आधार सांपडला नाहीं. त्याच्यासाठीं कांदाचाळ हीच तिजोरी ठरली. २०१६ सालीं फळें व भाजीपाला ह्यांवरील अडत शेतकऱ्याऐवजीं खरेदीदाराकडून घ्यावी असा निर्णय राज्यानें केला. त्यावर व्यापाऱ्यांनीं संप केला, व कित्येक दिवस बाजार बंद राहिले. पट्टीवरील एका ओळीसाठीं एवढा तंटा व्हावा, ह्यावरून त्या ओळीचें वजन कळून येतें.

तथापि उघड्या लिलावानेंहि सर्व कांहीं उघड होतें असें नाहीं. ऑगस्ट २०२३ मध्यें कांद्याच्या निर्यातीवर शेंकडा ४० कर बसला. ८ डिसेंबर २०२३ रोजीं निर्यातच बंद झाली, व ती मे २०२४ मध्यें खुली झाली. हा कर १ एप्रिल २०२५ पासून उठला. बोली घोडेगांवांत पुकारली जाते, परंतु तिचा चढउतार दिल्लींतील एका आदेशावर आणि परदेशांतील मागणीवर अवलंबून असतो. पूर्वीं भाव रुमालाखालीं झांकलेला असे. आतां तो दूर अंतरावर ठरतो. पूर्वींच्या अज्ञानावर कायद्यानें उपाय केला. ह्या नव्या अज्ञानावर शिक्षणाखेरीज दुसरा उपाय नाहीं.

हें शिक्षण देण्याची जागा मात्र दूर शोधावयास नको. बाजारभाव आतां खिशांतील यंत्रावर दिसतात. परंतु दिसणें आणि समजणें ह्यांत अंतर आहे, हें १९५६ च्या श्रोतृमंडळांनीं दाखवून दिलें आहे. विद्यापीठ जिल्ह्यांतच आहे, समिति तालुक्याची आहे, आणि लिलावाच्या दिवशीं शेंकडों शेतकरी एकाच आवारांत आपसूक जमतात. गोण्या उतरून झाल्यावर बोली सुरू होईपर्यंतचा वेळ त्यांना मोकळा असतो. त्या वेळांत मागील आठवड्याचे भाव, इतर पेठांतील आवक, निर्यातीचे नियम व हिशेबपट्टींतील प्रत्येक ओळ ह्यांवर जाणत्यानें अर्धा तास बोलावें आणि शेतकऱ्यांनीं त्यावर चर्चा करावी, एवढेंच करावयाचें आहे. ह्याला नवी इमारत लागत नाहीं, कीं नवा कायदा लागत नाहीं. माल विकणारा माणूस विक्री समजून उमजून करील, तेव्हांच कारंजापासून घोडेगांवापर्यंतच्या ह्या दीर्घ खटपटीचें खरें चीज होईल.