सेंट लुईचें एक निर्बंधपत्र व कृष्णवर्णीय दलाल

जुनीं खरेदीखतें व करारनामे जमविणारास हें ठाऊकच आहे कीं, कागद जें सांगतो त्याइतकेंच जें गाळतो तेंहि महत्त्वाचें असतें. अमेरिकेंतील सेंट लुई शहरचें एक निर्बंधपत्र या दृष्टीनें पाहण्यासारखें असल्यामुळें त्याचा येथें परामर्श घेतों.

ता. १६ फेब्रुवारी १९११ रोजीं लॅबडी रस्त्याच्या एका पट्ट्यांतील ३९ मालकांपैकीं ३० जणांनीं करार केला कीं, ५० वर्षें तेथें नीग्रो अथवा मंगोल वंशाच्या माणसानें राहूं नये. वास्तविक त्या वेळीं तेथील पांच जागा कृष्णवर्णीयांच्याच मालकीच्या होत्या. एका घरांत तर त्यांचा वास १८८२ च्या सुमारापासूनचा. म्हणजे जुन्या शेजाऱ्यांनाच करारानें परके ठरविलें.

असे करार टिकत ते दलालांच्या साह्यानें. गोऱ्या दलालांच्या राष्ट्रीय मंडळाच्या १९२४ च्या नीतिनियमांत असें कलम होतें कीं, ज्या वंशाच्या लोकांमुळें घरांचे भाव उतरतील त्यांना वस्तींत आणण्यास सभासदानें कारण होऊं नये. या मंडळाचीं दारें कृष्णवर्णीय दलालांना बंद होतीं.

१९४५ सालीं शेली कुटुंबानें या रस्त्यावर घर घेतलें. निर्बंधाची त्यांस वार्ताहि नव्हती. शेजाऱ्यांनीं दावा लावला. तेव्हां जेम्स बुश या कृष्णवर्णीय दलालानें व्यवसायबंधूंचें मंडळ उभारून खटल्यासाठीं पैसा जमविला. मिसूरीच्या वरिष्ठ न्यायालयांत शेली हरले, परंतु ता. ३ मे १९४८ रोजीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, खासगी करार कोणी आपखुषीनें पाळला तर पाळो, पण न्यायालयानें तो बजावून देणें हें राज्याचेंच कृत्य असून घटनेच्या चवदाव्या दुरुस्तीस विरुद्ध आहे.

यांत दलालांचा स्वार्थ होता, असा आक्षेप कोणी घेईल. होताच. परंतु स्वार्थ दोहों पक्षीं सारखाच. एकाचा दार लावून साधे, दुसऱ्याचा दार उघडून. शिवाय प्रयत्न एका खटल्यावर थांबला नाहीं. १९४७ सालीं टँपा येथें १२ कृष्णवर्णीय दलालांनीं स्वतंत्र राष्ट्रीय मंडळ स्थापिलें. ‘रिअल्टर’ हें नांव गोऱ्या मंडळाच्या सभासदांचें. म्हणून यांनीं ‘रिअल्टिस्ट’ हें नांव घेतलें. वंशावरून घर नाकारणें बेकायदा ठरविणारा कायदा पुढें १९६८ सालीं झाला.

निकालपत्रांत न्यायाधीशांचीं व वकिलांचीं नांवें आहेत, बुशचें नाहीं. केवळ निकालपत्रावरून इतिहास लिहिणारास तो कधींच भेटणार नाहीं. म्हणून असल्या दप्तरांतील लाजिरवाणे करारहि नष्ट न करतां जपावे, आणि त्यांच्या शेजारीं हिशेबाच्या वह्या व वर्गणीच्या याद्या ठेवाव्या, असें आमचें मत आहे.