‘व्हिडिओ बघायला कोडेक टाका’: विंडोजवरचा सापळा मॅकवर कसा पोहोचला?

अलिबाग किंवा मुरुडच्या किनाऱ्यावर मित्राने आयफोनवर काढलेला व्हिडिओ तुम्ही घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडता. आवाज येतो, पण चित्र दिसत नाही. मग आपण गुगल करतो आणि समोर येईल तो ‘कोडेक इन्स्टॉलर’ डाउनलोड करतो. नेमक्या याच सवयीचा सायबर चोरांनी फायदा घेतला होता.

कोडेक म्हणजे काय?

व्हिडिओची मूळ फाइल प्रचंड मोठी असते. ती दाबून लहान करणं आणि बघताना पुन्हा उलगडणं, हे कोडेकचं काम. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोनमध्ये एचईव्हीसी हे कोडेक आलं. ते कॉम्प्युटरमध्ये नसेल, तर व्हिडिओ नीट चालत नाही.

मॅकवर काय घडलं?

विंडोजवर ‘झ्लॉब’ नावाचा ट्रोजन खोटं कोडेक बनून फिरत होता. विंडोजची ईएक्सई फाइल मॅकवर चालत नाही, म्हणून मॅकवाले निर्धास्त होते. पण ऑक्टोबर २००७ मध्ये इंटेगो या सुरक्षा कंपनीला मॅकसाठी बनवलेला असाच खोटा कोडेक इन्स्टॉलर सापडला. त्याचं नाव ‘आरएसप्लग’. अश्लील व्हिडिओंच्या साइटवर ‘नवं कोडेक हवं’ असा मेसेज यायचा. डीएमजी फाइल डाउनलोड व्हायची, इन्स्टॉलर अ‍ॅडमिन पासवर्ड मागायचा आणि लोक तो स्वतःच्या हाताने द्यायचे.

मग हा ट्रोजन डीएनएस सेटिंग बदलायचा. डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी इंटरनेटची डिरेक्टरी. तीच खोटी असेल, तर तुम्ही बँकेचं नाव अचूक टाइप केलं तरी भलत्याच पानावर पोहोचू शकता.

किती जण अडकले?

नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने ‘ऑपरेशन घोस्ट क्लिक’ जाहीर केलं. डीएनएस बदलणाऱ्या या मालवेअरने विंडोज आणि मॅक मिळून सुमारे ४० लाख कॉम्प्युटर बाधित झाले होते. टोळीने किमान १ कोटी ४० लाख डॉलर कमावले होते. एस्टोनियाच्या सहा नागरिकांना अटक झाली. टोळीचे सर्व्हर एकदम बंद केले असते, तर लाखो लोकांचं इंटरनेट ठप्प झालं असतं. म्हणून त्यांच्या जागी तात्पुरते सुरक्षित सर्व्हर बसवले गेले. ते ९ जुलै २०१२ पर्यंत सुरू होते.

आज याचं काय?

सिस्टीम बदलली की फाइल बदलते, युक्ती तीच राहते. आता व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलान म्हणून एपीके फाइल येते.

काय कराल?

• व्हिडिओ चालत नसेल, तर व्हीएलसी प्लेअर त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. बहुतेक कोडेक त्यातच असतात.
• व्हिडिओ दाखवण्याआधी एखादी साइट काही इन्स्टॉल करायला सांगत असेल, तर ती बंद करा.
• पत्रिका किंवा चलान एपीके स्वरूपात आलं, तर उघडू नका.
• पैसे गेले असतील, तर लगेच १९३० वर फोन करा.