डिफरन्शियल दुबळा की निदान दुबळे?

बहरीनमधल्या जुन्या छोट्या गाड्यांच्या शौकिनांत एक सल्ला सर्रास दिला जातो. इंजिनाची ताकद थोडी वाढवायची असो किंवा मागच्या बाजूने घरघर ऐकू येत असो, मूळचा डिफरन्शियल उतरवा आणि मोठ्या गाडीचा चढवा. ट्रायम्फ हेराल्ड आणि स्पिटफायरच्या बाबतीत तर हा जणू सिद्धान्तच झाला आहे. माझे म्हणणे याच्या उलट आहे. रस्त्यावर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांना मोठ्या डिफरन्शियलची गरज नसते. त्यांना योग्य गुणोत्तर, नीट बसवलेले क्राउन-पिनियन आणि पुरेसे तेल हवे असते.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. त्याचे तीन आधार आहेत. पहिला, खुद्द ट्रायम्फने स्पिटफायरच्याच घडणीच्या जीटी-६ मध्ये सहा सिलिंडरचे १९९८ सीसीचे इंजिन बसवले तेव्हा डिफरन्शियलही अधिक सोसणारा दिला. दुसरा, मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने हेराल्डवरून १९७२ साली ‘गॅझेल’ काढली, तेव्हा मागचा भाग बदलून सलग एक्सल घातला. तिसरा, साखीरच्या ड्रॅग स्ट्रिपवर उतरणारा प्रत्येक जण सर्वात आधी मागचा एक्सल मजबूत करतो.

तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष खरा नाही.

जीटी-६ चे उदाहरण जवळपास दोन लिटरच्या इंजिनाचे आहे. ते सव्वा किंवा दीड लिटरच्या चार सिलिंडरांना लावता येत नाही. चार सिलिंडरच्या मालिकेत ट्रायम्फ काय बदलत गेली ते पाहिले पाहिजे. ९४८ सीसीच्या हेराल्डचे गुणोत्तर ४.८७५ होते. हेराल्ड १२०० आणि सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये ते ४.११ झाले, स्पिटफायर मार्क ४ मध्ये ३.८९ आणि स्पिटफायर १५०० मध्ये ३.६३. इंजिन वाढत गेले तसे गुणोत्तर उतरत गेले. गॅझेलचे उदाहरण तर पूर्वपक्षावरच उलटते. तिच्यात इंजिन ९४८ सीसीचेच राहिले, म्हणजे टॉर्क वाढल्यामुळे एक्सल बदलला असे म्हणताच येत नाही. तो बदल भारतातले रस्ते आणि देखभालीची सोय यांसाठी होता.

आता ताकदीचा हिशेब. स्पिटफायर १५०० चे इंजिन सुमारे १११ न्यूटन-मीटर टॉर्क देते. पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५ आणि डिफरन्शियलचे ३.६३. गुणाकार केला तर मागच्या चाकांपाशी सुमारे १४०० न्यूटन-मीटर पोचायला हवेत. पण मागच्या चाकांवर साडेचारशे ते पाचशे किलो भार आणि साधे रस्त्याचे टायर धरले, तर पकड सुटण्याआधी चाके जेमतेम ११०० ते १२५० न्यूटन-मीटर घेतात. त्यापुढे चाक जागीच फिरते. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये मर्यादा टायर ठरवतो, आणि इंजिन कितीही वाढवले तरी डिफरन्शियलवरचा सलग भार त्या मर्यादेपुढे जात नाही. दुसऱ्या गिअरमध्ये (२.१६) मूळ इंजिनाचा आकडा सुमारे ८७० येतो. ताकद ३० टक्के वाढवली तरी तो ११३० पर्यंतच जातो, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये हे दात आधीपासून सोसत होते तेवढाच. तो अधिक वेळ सोसावा लागल्याने झीज थोडी वाढेल, हे मान्य. पण त्यासाठी अख्खा डिफरन्शियल बदलण्याचे कारण नाही.

मग दात तुटतात कशाने? धक्क्याने. क्लच झटक्यात सोडला की फिरत्या फ्लायव्हीलची सगळी ऊर्जा एका क्षणात पिनियनवर येते. साखीरच्या स्ट्रिपवर हे मुद्दाम केले जाते, तेही चिकट टायर लावून. तिथे जाणाऱ्याने मजबूत डिफरन्शियल जरूर लावावा. माझा आक्षेप एवढाच की शर्यतीतला नियम मनामाहून मुहर्रकला जाणाऱ्या गाडीवर लादला जातो.

मोठा डिफरन्शियल बसवताना होणाऱ्या नुकसानाची चर्चा फार कमी होते. हेराल्ड-स्पिटफायरची मागची आडवी पाटा-स्प्रिंग डिफरन्शियलच्या केसिंगवरच बोल्टने बसलेली असते. म्हणजे तो नुसता गिअरचा डबा नाही, मागच्या सस्पेन्शनचा पायाही आहे. जागतिक शौकिनांचा आवडता पर्याय, सुबारूमध्ये येणारा आर-१६०, बसवायचा तर स्प्रिंगसाठी नवी बैठक बनवावी लागते आणि शाफ्टही जुळवावे लागतात. एवढे करूनही पुढचा दुबळा दुवा तयारच असतो: हाफ-शाफ्टचे क्रॉस आणि चाकाकडचे बेअरिंग. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड तार लावण्यासारखे हे आहे. दोष तसाच राहतो, जळते मात्र दुसरे काही. केसिंगमधले क्राउन-पिनियन बदलणे वेळखाऊ असते, पण क्रॉस तुटून शाफ्ट वेगात फिरू लागला तर जिवावर बेतते. त्यातच लिमिटेड स्लिप घातला तर पकड असलेल्या एकाच चाकाच्या शाफ्टवर जास्त भार जाऊ शकतो.

आता माझी बाजू. बहरीन सपाट बेट आहे. जबल अद-दुखान हा सर्वात उंच डोंगरही दीडशे मीटरपेक्षा कमी उंचीचा. इथे चढ चढण्यापेक्षा एकसारख्या वेगाने धावण्याचा प्रश्न मोठा. १९८६ मध्ये खुला झालेला किंग फहद कॉजवे सुमारे २५ किलोमीटरचा आहे. त्यावर ताशी १०० च्या वेगाने ४.११ च्या डिफरन्शियलला इंजिन मिनिटाला जवळपास ३८५० फेरे फिरते, ३.६३ ला सुमारे ३४००. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढे जातो तिथे हा फरक इंजिनाला, तेलाला आणि कानालाही जाणवतो. शिवाय गुणोत्तर उतरले की चाकाकडे जाणारा टॉर्क सुमारे १२ टक्क्यांनी घटतो, म्हणजे शाफ्ट आणि क्रॉसवरचा ताणही कमी होतो. शक्यतो त्याच कुटुंबातला, त्याच बैठकीवर बसणारा डिफरन्शियल निवडावा. फ्लँज जुळतात का, हे मात्र आधी पाहावे.

त्याहीआधी जुना उघडावा. दातांवर निळसर छटा आणि ओरखडे असतील तर तेल कमी पडले आहे. दात मुळाशी तुटला असेल आणि तुटलेल्या पृष्ठावर एकामागोमाग वलये असतील, तर थकव्याची चीर हळूहळू वाढत गेली आहे. पृष्ठ एकसारखे खरखरीत असेल तर एकाच धक्क्याने तुटला आहे. दातांवर रंग लावून ठसा पाहिला की पिनियनची खोली आणि बॅकलॅश बरोबर आहे की नाही ते कळते. शिमा चुकल्या असतील तर नवा, मोठा डिफरन्शियलही तसाच घरघरेल. धुळीने ब्रीदर बुजला की आत दाब वाढून सीलमधून तेल झिरपते आणि दात कोरडे पडतात. वाळूच्या या देशात ब्रीदर साफ ठेवणे आणि तेलाची पातळी पाहणे हीच डिफरन्शियलची खरी मजबुती.

शेवटचा मुद्दा जतनाचा. २० नोव्हेंबर १९६७ पर्यंत बहरीनमध्ये वाहने डावीकडून चालत. त्या काळातली उजव्या स्टिअरिंगची एखादी गाडी जपणारा बेटाच्या इतिहासाचा एक तुकडा जपत असतो. मोठा डिफरन्शियल बसवण्यासाठी तिची फ्रेम कापली, तर तो बदल परत फिरवता येत नाही. म्हणून गॅरेजवाल्याने मोठ्या डिफरन्शियलचा सल्ला दिला, तर मालकाने त्याच्याकडून तुटलेला दात आणि तो का तुटला याचे उत्तर मागावे. उत्तर मिळेपर्यंत फ्रेमला ग्राइंडर लावू देऊ नये.