सी व्ह्यूची रात्रपाळी

1938चा जानेवारी. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर, टेकडीवरच्या सी व्ह्यू क्षयरुग्णालयात तुझी रात्रपाळी सुरू होतेय. तू दक्षिणेकडची, जॉर्जियाची. तिकडे गोऱ्यांच्या इस्पितळात कृष्णवर्णीय नर्सला कोणी उभं करत नाही. इथल्या गोऱ्या नर्सेस मात्र संसर्गाच्या धास्तीने नोकऱ्या सोडून गेल्या, म्हणून 1929 पासून तुझ्यासारख्यांना बोलावणं आलं. पुढे लोक तुम्हाला 'ब्लॅक एंजल्स' म्हणतील. आज दिवसपाळीवाली तुला फक्त कोणाला किती ताप आणि कोणाच्या थुंकीत रक्त एवढंच सांगते, आणि निघते.

वॉर्डात कडाक्याचा गारठा. मोकळी हवा हाच उपचार, म्हणून खिडक्या उघड्या. कोणाचा मुक्काम सहा महिन्यांचा, कोणाचा तीन वर्षांचा. अंधारातही तू प्रत्येकाचा खोकला ओळखतेस.

भिंतीकडच्या खाटेवरचा खोकला एकदम बदलतो. तू धावतेस. तोंडातून लालभडक, फेसाळ रक्त. त्याला तू रोगट फुप्फुसाच्या कुशीवर वळवतेस, म्हणजे रक्त चांगल्या बाजूला उतरणार नाही. छातीवर बर्फाची पिशवी, हनुवटीखाली किडनी ट्रे. "बोलू नका. गिळू नका, थुंकून टाका. मी इथेच आहे." डॉक्टर येईपर्यंत तू त्याचा हात सोडत नाहीस. या आजारावर औषध अजून जगात कुठेच नाही. तरी हा माणूस रात्रभर उपचाराविना होता, असं कोणी म्हटलं तर मी मान्य करणार नाही.

आता चल 1951च्या उन्हाळ्यात. स्ट्रेप्टोमायसिन आलंय, पण कित्येकांना ते लागू पडेनासं झालंय. डॉ. एडवर्ड रॉबिट्झेक आणि डॉ. अर्विंग सेलिकॉफ यांनी आशा सोडलेल्या पेशंटांवर नव्या गोळ्यांची चाचणी सुरू केलीय. त्यांतली एक आयसोनियाझिड. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात क्षयाच्या गोळ्यांत आजही असते, तीच.

गोळी खरंच पोटात गेली का, ताप कधी उतरला, झोप कशी लागली, हे अख्खी रात्र वॉर्डात काढणाऱ्या तुझ्याशिवाय कोण सांगणार? फेब्रुवारी 1952 मध्ये बातमी फुटेल, व्हरांड्यात नाचणाऱ्या पेशंटांचे फोटो छापून येतील, डॉक्टरांची नावं गाजतील. तुमची नावं पुढची कित्येक दशकं कोणी विचारणार नाही. मला याचा राग येतो. त्याच टेकडीवर आज वृद्धांचं, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्यांचं शुश्रूषागृह आहे. तिथेही रात्री कोणीतरी जागतंच.

पुन्हा 1951चा वॉर्ड. पहाटेचे चार. वर्षभर धड घास न गिळणारी बाई उठून बसलीय, आणि तिला आत्ताच्या आत्ता अंडी हवीत.

"नाश्ता सातला," तू म्हणतेस.

"सातपर्यंत मी जिवंत राहीन, पण उपाशी कशाला?"

तू तक्त्यावर 'भूक: भरपूर' असं लिहितेस आणि तिच्यासाठी दूध-पाव आणायला निघतेस.