सुरतेची सकाळ आणि बुधाचे रेखांश

सुरत म्हटले की मराठी मनाला १६६४ सालची शिवाजी महाराजांची स्वारी आठवते. त्या स्वारीपूर्वी तेरा वर्षे, इंग्रजांची वखार असलेल्या याच मोगली बंदरात एक निराळी घटना घडली. ३ नोव्हेंबर १६५१ रोजी सकाळी जेरेमी शेकर्ली या तरुण इंग्रज ज्योतिर्विदाने दुर्बिणीच्या साहाय्याने सूर्यबिंबावरून सरकणारा बारीक काळा ठिपका पाहिला. तो ठिपका म्हणजे बुध ग्रह. असे अधिक्रमण त्यापूर्वी १६३१ साली गासेंदीने पॅरिसमध्ये पाहिले होते. भारतात खगोलनिरीक्षणासाठी दुर्बीण वापरल्याची ही पहिली ज्ञात नोंद होय.

हे अधिक्रमण इंग्लंडातून दिसणार नाही, हे शेकर्लीने गणिताने आधीच जाणले होते. त्या वेळी तेथे रात्र असणार होती. सुरत ग्रीनिचच्या पूर्वेस सुमारे ७३ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने दोन्ही ठिकाणांच्या वेळांत जवळजवळ पाच तासांचे अंतर पडते. लंडन अंधारात असता सुरतेत सूर्य उगवला होता. बुधाचे ते दर्शन घडले, ते पृथ्वीवरील रेखांशांच्या या भेदामुळे.

परंतु खुद्द बुधावर रेखांश कसे आखावेत? अक्षांशांना निसर्गाचा आधार असतो. ग्रह ज्या अक्षाभोवती फिरतो, त्यावरून ध्रुव व विषुववृत्त ठरतात. रेखांशांचा शून्य मात्र मनुष्यालाच ठरवावा लागतो. आपल्या सिद्धान्तकारांनी तो उज्जयिनीवरून मानला, तर १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेने ग्रीनिचवरून. शिवाय ग्रहाची स्वतःभोवतीची गती चुकली, तर नकाशावरील सारे रेखांश निराधार ठरतात.

बुधाच्या बाबतीत नेमके तेच झाले. इटालियन ज्योतिर्विद स्कियापारेल्ली याने १८८९ साली बुधाचा नकाशा प्रसिद्ध केला. बुध सूर्याभोवतीच्या ८८ दिवसांच्या एका फेरीत स्वतःभोवतीही एकदाच फिरतो, अशी त्याची समजूत होती आणि ती पाऊणशे वर्षे टिकली. १९६५ साली प्वेर्तो रिकोमधील आरेसीबो येथील रडारने तो काळ सुमारे ५९ दिवसांचा असल्याचे दाखविले. सूर्याभोवती दोन फेऱ्या होईपर्यंत बुध स्वतःभोवती तीनदा फिरतो. जुन्या नकाशांचा पायाच ढासळला.

१९७४-७५ साली मरिनर-१० यानाने बुधाच्या निम्म्याहून थोड्या कमी पृष्ठभागाची छायाचित्रे घेतली. त्यापूर्वी, १९७० साली ठरविलेली शून्य रेषा त्या वेळी नेमकी अंधारात होती. तेव्हा उजेडातील, अवघ्या दीड किलोमीटर व्यासाचे एक विवर निवडून त्याच्या मध्यातून २० अंश पश्चिम रेखांश जातो, असे ठरविण्यात आले. त्या विवराचे नाव ‘हुन काल’, म्हणजे माया लोकांच्या भाषेत ‘वीस’. पुढे २०११ ते २०१५ या काळात मेसेंजर यानाने बुधाभोवती फिरून संपूर्ण ग्रहाचा नकाशा सिद्ध केला. त्यावर वाल्मीकी, कालिदास, तानसेन व त्यागराज यांच्या नावांची विवरे आहेत.

शेकर्ली १६५५ च्या सुमारास वारला असे मानतात. सुरतेच्या त्या सकाळी त्याला बुधाची एकही खूण दिसली नाही. दिसला तो केवळ काळा ठिपका. आज त्याच ठिपक्यावरील प्रत्येक विवराचे स्थान अंशांत सांगता येते आणि ती गणना एका चिमुकल्या विवराच्या आधाराने बांधली गेली.